चिंध्या बांधलेल्या लेझमी

॥ श्री ॥
पिंपळवाडी, ता. यावल
१२ एप्रिल १९९२

ती. भाऊ यांस,
प्रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला. हे जाऊन आता तिसरा महिना लागला. मी ठीक आहे, जेवते, आईला तसे सांगा.

तेराव्यानंतर शाळेत शिकवायला जाऊ लागले. आबा सकाळी फाटकापर्यंत सोडतात आणि शाळा सुटायच्या आधी येऊन निंबाखाली बसतात. असा सासरा मिळायला भाग्य लागते, असे बाया म्हणतात. खरेच आहे, कधी आवाज चढवत नाहीत. परवा जेवताना एवढेच म्हणाले की निकाल लागला की नोकरी पुरे, घरात काय कमी आहे. मी ताट उचलले. त्यांचाही मुलगा गेला आहे, नाही कसे म्हणू?

एक मेला झेंडावंदन, मग चौथीच्या मुलींची लेझीम, मग निकाल. लेझीम दरवर्षी मीच बसवते. पण शाळेला आमच्या घराची मागची भिंत लागून आहे. दुखवट्यात रोज वाजलेले आबांना नको, कार्यक्रमाच्या दिवशी वाजले तर चालेल म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, यंदा राहू द्या. मुली तोंड पाडून बसल्या. यांचा निळ्या रेघांचा एक सदरा माझ्याकडे राहिला होता. त्याच्या चिंध्या करून मी लेझमींच्या चकत्या बांधून टाकल्या. रोज तशाच खेळतात. नुसते पाय वाजतात.

त्या दिवशी मी मात्र घरीच. वर्षाच्या आत समारंभात उभे राहायचे नाही. निकाल हेडमास्तर वाचतील.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.
तुमची बहीण,
प्रमिला

धुळे
२० एप्रिल १९९२

चि. प्रमिलास,
अ. उ. आ.

‘चि.’पुढे सवयीने ‘सौ.’ लिहिणार होतो, पेन थांबला, मग नुसतेच नाव लिहिले.

नोकरीचे वाचून राग आला. आबांना दोन शब्द लिहिणार होतो, तर तुझी वहिनी म्हणाली, लिहाल तुम्ही आणि सोसेल ती. म्हणून तुलाच लिहितो, आणि मुद्दाम पोस्टकार्डावर. तू नाही म्हण. लहानपणापासून तुला तेवढेच जमत नाही. लेझीम जमायची. माझ्या गुडघ्यावर तुझ्या लेझमीची खूण आहे, पोरांना मी ती पडल्याची म्हणून सांगतो.

आखाजीच्या सणाला जावईबापूंच्या नावाची घागर भरून झाली की दुसऱ्या दिवशी तुला माहेरी न्यायला येतो. कोणी नको म्हटले तर ओट्यावर बसून राहीन. आईचा निरोप तिच्याच शब्दांत: बठ्ठं बरं व्हई, जेवत जाय.

तुझा भाऊ,
जीवराम

पिंपळवाडी
२ मे १९९२

ती. भाऊ यांस,
प्रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे कार्ड आबांनीच आणून दिले. ओट्यावर उभ्याने वाचत होते. नाही म्हणायचे मला अजून जमलेले नाही.

काल सकाळी आबा झेंडावंदनाला गेले, मी मागच्या खोलीत डाळ निवडत होते. झेंड्याचे गाणे झाले. मग मोजणी सुरू झाली आणि भिंतीतून नुसते पाय ऐकू आले. दुसऱ्या फेरीलाही तेच. मी धरून चालले होते की त्या दिवशी मुली चिंध्या सोडतील. मुलींनी धरले की बाईंनी बांधल्या, बाईच सोडतील. उठून दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि परत येऊन सुपाशी बसले.

मग पायही थांबले. माझ्या वर्गातली ताईबाई धावत आली. म्हणाली, आबांनी बोलावले, गाठी सुटत नाहीत.

डोक्यावर पदर घेऊन तशीच गेले. आबा मैदानात उकिडवे बसून एक गाठ नखाने सोडत होते. सदरा त्यांनी ओळखला होता. केळीचे घड कापायचा चाकू त्यांच्या खिशात नेहमी असतो. तो त्यांनी काढला नव्हता. मी शेजारी बसले. मी गाठ सोडायची, त्यांनी चिंधी घडी करून खिशात ठेवायची. सगळे गाव थांबले होते.

मग मुली खेळल्या. हेडमास्तरांनी निकाल माझ्या हातात दिला आणि आबांकडे पाहिले. आबा झेंड्याकडे पाहत होते. मी वाचला. वर्ग सगळा पास. हस्ताक्षरात ताईबाई तालुक्यात पहिली.

घरी येताना आबा पुढे, मी मागे. नोकरीचे ते बोलले नाहीत, मी विचारले नाही. जूनमध्ये काय, ते मला माहीत नाही.

आईला नमस्कार. अशीच आठवण ठेवावी.
प्रमिला

पिंपळवाडी
३ मे १९९२

रा. रा. जीवराम यांस,
लोटन आबाचा रामराम. वि. वि.

तुमचे कार्ड वाचले. अक्षर लागत नाही, म्हणून दोनदा वाचले. घागर झाली की सूनबाईला न्यायला या. ओट्यावर बसू नका, घरात या.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तिला पोहोचवा. हेडमास्तरांना तसे सांगून आलो. फाटकापर्यंत सोडायला मी आहेच.

लेझमी आता बांधायच्या नाहीत. भिंतीतून आवाज येतो. येऊ द्या.

कमी-जास्त लिहिले असेल तर पोटात घाला.
लोटन