सूपभर ज्वारीचा उखा

सोमवार, ३ जानेवारी १९२७
आधी कौसाबाईच आली शेजारून — "धनुबाई, तुन्हा घर पाव्हना उनात." मागोमाग तिघं मौलवी, सुरतेकडून चालत आलेले. मी गादी भरत होते, अंगभर कापूस. हसले बिचारे. रात्री तळोद्याच्या सगळ्या पिंजाऱ्यांना मशिदीत घेऊन एका थाळीत जेवले. आम्हीही मुसलमानच, तरी इथले शेख-सय्यद आमच्या हातचं पाणी घेत नाहीत — आणि हे एका थाळीत! माझा लेक छगन रडला. मीही. फार बरं वाटलं.

शुक्रवार, ७
पाहुण्यांनी पिंजाऱ्यांची जमात उभी केली, छगन तिचा चिटणीस. सगळ्यांना एकसारखी टोपी. रस्त्यात राम राम बंद, सलाम. आज जुम्याच्या नमाजाला जो आला नाही त्याच्या दारी चौघं विचारायला गेले. आजाऱ्याकडे दूधही नेतात — खोटं कशाला लिहू.

मंगळवार, ११
जमातीच्या वहीत नवी नावं. छगन आता अब्दुल सत्तार. मला आमिना केलं. म्हटलं, लिहा, म्हातारीचं काय. मग नातवावर आले. त्याच्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून हा झाला तेव्हा मीच उकिरड्यावर लोळवला, उकिरड्याचा म्हणून उखा म्हटलं — मरणाला किळस यावी. कौसाबाईनं सूपभर ज्वारी देऊन विकत घेतला. तेव्हा जगला, सात वर्षांचा झाला. म्हटलं, ह्या नावाला हात लावू नका. मौलवी हळूच म्हणाले, "अम्मा, जिलाना-मारना अल्लाह के हाथ है." मला का ठाऊक नाही? पण दोन कबरी मी पाहिल्यात.

शुक्रवार, १४
पाहुणे पुढच्या गावी गेले. वहीत उखाची ओळ कोरीच. छगन म्हणतो, "माय, चिटणीसाच्याच घरात खोट." कौसाबाई म्हणे, "मन्हा पोऱ्या शे तो. सूपभर ज्वारी दीसन इकत लिधेल शे." आम्ही दोघी हसलो. छगन हसला नाही.

रविवार, १६
छगननं कौसाबाईच्या ओट्यावर ज्वारी ओतली. "घे, पोरगा परत." उखा आता अब्दुल गफ्फार. छगन म्हणतो, असलं काही मानायचं नसतं. मग ज्वारी सुपानंच का मोजलीस, बाबा?

बुधवार, १९
उखाला दोन दिवस ताप, डोळे उघडत नाही. आज छगन टोपी काढून, सूप रिकामं घेऊन, पोरगा पुन्हा विकायला कौसाबाईच्या दारी गेला. आतून विचारलं, कोण? सवयीनं नवं नाव सांगितलं. ती म्हणाली, "कोन अब्दुल सत्तार? मी नही वळखस."
पाहुणे शुक्रवारी परत येणार म्हणालेत.