एकोणसत्तर जीबीची घट

सावदा,
कानबाईच्या सणाला, रोटांना, बारा दिवस बाकी

प्रिय प्रेमराजभाऊंना झिपरू नानाचा रामराम.

धुळ्यात तुम्ही सगळे खुशाल असाल, तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि सौ. वहिनी तुम्हाला वांग्याच्या भरतात मिरची बेताची घालत असतील, असं धरून चालतो. आमच्याकडे सर्व ठीक. केळीला पाणी वेळेवर मिळतंय आणि तुमच्या अक्काला माझ्या चुका वेळेवर सापडताहेत.

पत्र लिहिण्याचं कारण तुम्ही पाठवलेली हार्ड डिस्क. (फोनवर बोललो असतो, पण तिथे तुम्ही मला मधेच तोडता आणि तुमची अक्का कुंदाबाई शेजारी बसून हातवारे करते.) आधी उपकार लिहितो, तक्रार मागाहून. गेल्या साली घशाच्या ऑपरेशनात हिचा आवाज गेला. जीव वाचला यातच आम्ही समाधान मानून बसलो होतो. पण तीस वर्षांत हिने रोटांना, हळदीला, बारशांना म्हटलेली गाणी व्हिडिओ कॅसेटांत पडून आहेत, त्यांना बुरशी लागायच्या आत ती एका जागी आणावीत, हे सुचलं तुम्हाला. नुसतं सुचलं नाही, एक टीबीची डिस्क कुरिअरने दारात आली. भाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला फोनवर फक्त 'मिळाली' एवढंच म्हणालो. आभार राहून गेले, राग मानू नका.

आता तक्रार. आमच्या इथल्या फोटो स्टुडिओवाल्या स्वप्नीलने सगळ्या कॅसेटा स्वतःच्या संगणकात भरून घेतल्या. भरली नऊशे बेचाळीस जीबी. एक टीबी म्हणजे हजार जीबी, खोक्यावर तसं छापलंय, म्हणून मी निश्चिंत. तर डिस्क जोडल्यावर आत जागा निघाली नऊशे एकतीस! स्वप्नील म्हणाला, "नाना, अकरा जीबी बाहेर राहतील. कोणती गाणी नको ते ठरवा. गणपतीची कामं आलीत, सोमवारी मला संगणक रिकामा करायचाय." कोणती गाणी नको! मी त्याचा चहा न पिता उठलो.

विचार केला, हजारातून एकोणसत्तर गेले कुठे? भाऊ, मी चाळीस वर्षं केळीच्या गाड्या दिल्लीकडे भरल्या. इथे भरलेलं वजन तिकडे कधीच उतरत नाही, वाटेत घट येतेच. म्हणजे ही डिस्क धुळ्याहून सावद्याला येताना, आषाढातल्या दमटात आणि त्या रस्त्याच्या खड्ड्यांत, घटली असणार. डिस्क टॉवेलात गुंडाळली, एस.टी.ने जळगाव गाठलं आणि कुरिअरच्या हापिसात अर्ज दिला : 'मालात एकोणसत्तर जीबी घट आली, भरून द्यावी.' तिथल्या माणसाने अर्ज दोनदा वाचला, खोक्यासकट डिस्क काट्यावर ठेवली आणि पावती दाखवली. वजन ग्रॅमला ग्रॅम तेच. मग मला वाटलं, कंपनीने खोकं आणि वायर धरूनच हजार मोजले असतील, जसा घडाबरोबर दांडा मोजला जातो. त्याने हात जोडून मला समोरच्या संगणकाच्या दुकानात पाठवलं.

दुकानात नूतन नावाची मुलगी होती. मी दांड्यापर्यंत सगळं सांगेस्तोवर ती हसली नाही, हे तिचे दुसरे उपकार. पहिले हे, की तिने मला विचारलं, "नाना, लोणच्याच्या कैऱ्या घेताना शेकड्याला वर किती घेता?" म्हटलं, ही पाच घेते. ती म्हणाली, "विकणारा शंभर मोजून म्हणतो शेकडा झाला. तुम्ही एकशेपाच झाल्याशिवाय शेकडा म्हणत नाही. त्याच ढिगात तुमचा शेकडा कमी भरणारच. कंपनी हजाराला हजार म्हणते. संगणक एक हजार चोवीस झाल्याशिवाय हजार म्हणत नाही, आणि तो हा हिशेब एकावर एक तीन वेळा करतो. म्हणून आकडा कमी दिसतो. कैरी एकही चोरीला गेलेली नाही." म्हणजे भाऊ, संगणक थेट तुमच्या अक्कासारखा मोजतो! मी तिथेच कंपनीची माफी मागितली. (मनातल्या मनात. अर्ज मात्र परत घ्यायला विसरलो.)

पण समजलं म्हणून जागा वाढत नाही. अकरा जीबी काढायचेच होते. मग चार दिवस आम्ही दोघं स्वप्नीलकडे बसून, गाणी सोडून बाकीचं पळवत, पहिल्यापासून सगळं पाहिलं. भाऊ, डिस्क मोठी असती तर आम्ही हे कधीच पाहिलं नसतं, सरळ भरून कपाटात ठेवलं असतं. ही स्वतःचा आवाज ऐकत बसली होती आणि बोटांनी मांडीवर ताल धरत होती. वर्षभरात तिला इतकी खूश मी पाहिली नव्हती. त्या कमी पडलेल्या जागेचेसुद्धा मी आभार मानतो.

काय काढायचं ते लवकरच कळलं. प्रत्येक समारंभात गाण्याआधी माझं आभाराचं भाषण आहे. सगळी मिळून दोन तासांची, सव्वीस जीबी. मी मोठ्या मनाने ती सगळी काढून टाकायला सांगितली. हिचं एक गाणंही गेलं नाही.

वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला,
झिपरू नाना

ता. क. – भाषणं गेल्याने पंधराएक जीबी मोकळे झालेत. तुमच्या हळदीत हिने म्हटलेलं गाणं आमच्यापैकी कुठल्याच कॅसेटात नाही. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच. तुमच्या कपाटात ती कॅसेट असेल तर लगेच कुरिअरने पाठवा.

ता. क. २ – प्रेमराज, हे मी लिहिते. भाषणं यांनी काढली हे खोटं शे. मी काढली. हे तर तोंड फिरवून बसले होते. एक मात्र मी ठेवलंय. त्याच्या शेवटी हे म्हणतात, "आता कुंदाबाईचं गाणं ऐका," आणि मी तोंड उघडायच्या आतच टाळ्या वाजवू लागतात. बाकी बठ्ठं ठीक शे. कॅसेट कुरिअरने धाडू नको, वाटेत घट येते. रोटांना येशील तेव्हा तू स्वतः ती लई ये.

तुझी अक्का