अर्ध्यावर राहिलेली दीर्घिका

प्रिय घुम्या,

तुझी दुर्बीण विकलेली नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं धड वाचणार नाहीस. विकायची म्हणूनच तुझ्या बाबांनी ती माळ्यावरून काढली होती, हे मात्र खरं. शिवणाचं दुकान चालवणार नाही म्हणून तू गेलास, ‘मग माझ्याशी बोलायचंही कारण नाही’ असं ते म्हणाले, आणि तुम्ही दोघांनी ते अक्षरशः पाळलंत. एरवी या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही. माझ्या मोबाइलवर तुझा फोन आला की ‘तुझ्या मुलाचा आहे’ म्हणत ते तो माझ्या हातात देतात, आणि तू मला विचारतोस, घरी सगळे बरे आहेत ना. सगळे म्हणजे कोण रे? आम्ही दोनच माणसं.

तर गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून त्यांनी दुर्बीण गच्चीवर मांडली, पुसली आणि तुझा जुना लॅपटॉप उघडला. त्यात तुझी ती दीर्घिका अर्ध्यावर राहिलेली. मला तर काचेवर कुणीतरी तेलकट बोट लावल्यासारखी दिसली. बाबांनी मात्र शेजारच्या विज्ञानाच्या बाईंना गाठून सगळं समजून घेतलं. तिचा उजेड इतका अंधुक की एका फोटोत काहीच हाती लागत नाही. शेकडो फोटो एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तिचे फाटे दिसू लागतात. तुझे निम्मेच झाले होते. अर्धवट शिवलेला कपडा या माणसाला दुकानात बघवत नाही, तुला माहीतच आहे. गिऱ्हाइकाला दारातूनच वाटेला लावलं.

तेव्हापासून आभाळ स्वच्छ असलं की स्वारी गच्चीवर. दवाने काच धुरकटते म्हणून दुर्बिणीला अस्तराचं टोपरं शिवलं. तुलासुद्धा इतकं सुबक शिवलं नव्हतं. फोटोतले धुळीचे डाग घालवायला नळीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून वेगळे फोटो काढावे लागतात म्हणे. त्याला सुरकुती चालत नाही, म्हणून इलॅस्टिक घालून तेही शिवलं. दुकानात लोकांचे कोट बाह्यांविना लटकताहेत आणि गिऱ्हाइकांची समजूत मी काढतेय. राग येतो मला. पण जेवताना ते पुन्हा बोलायला लागलेत, याचं बरंही वाटतं.

गेल्या आठवड्यात घोटाळा झाला. एक डाग काही केल्या जाईना, म्हणून त्यांनी कॅमेरा काढून साफ केला आणि परत बसवला. आधी तो किती वळवलेला होता, याची खूणच करून ठेवली नव्हती. जन्मभर खडूने खुणा करणारा माणूस! आता तुझ्या फोटोंत दीर्घिका आडवी आणि यांच्या फोटोंत तिरकी. दोन दिवस तोंड पाडून बसले होते. मग काल हात पुसता पुसता भिंतीकडे बघत म्हणाले, की कॅमेऱ्याचा कोन काय होता ते त्यालाच ठाऊक, विचारायला हवं. फोन उचलला, ठेवला, परत उचलला. नंबर लावला नाही. खाण तशी माती म्हणतात, ते काय उगाच?

आता सांगते ते पोटात ठेव. मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फोटो तिरके असले तरी काही बिघडत नाही, कॉम्प्युटर आपला आपण फिरवून जुळवतो, फार तर कडा थोड्या कापल्या जातात. आणि हे बाईंनी बाबांना घोटाळा झाला त्याच दिवशी करून दाखवलंय. जुळलेला फोटो बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. तरीही त्यांना तुला कोन विचारायचाच आहे. फोनवर हे बोलता येत नाही, ते शेजारीच उभे असतात, म्हणून हे पत्र. माझ्या नाही, त्यांच्या नंबरावर फोन कर आणि कोन सांग. आठवत नसेल तर कुठलाही सांग.

तुझीच, आणि त्यांचीही,
आई