खोली मागायची राहून गेली

प्रिय आग्नेस,

इतक्या उशिरा लिहितोय, माफ कर. तुला माती देऊन वर्ष होत आलं आणि मी आज कागद घेऊन बसलोय. चौथीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही, हे तुला माहीत आहे. लग्नाआधीही तुला कधी चिठ्ठी लिहिली नव्हती. लिहायची गरज काय होती? तू शेजारच्या वाडीत राहायचीस आणि विहिरीवर रोज दिसायचीस.

सिमेतरीत तुझ्या थडग्यापाशी येऊनच बोललो असतो. पण तिथे रेजीनबाय असते. माझी थोरली बहीण ती, पण तुझ्या क्रुसाजवळ मेणबत्ती लावताना तिचा अर्धा डोळा माझ्यावर असतो. भाऊ रडतो की नाही, हे बघत असते. तिच्यासमोर हे विचारता येत नाही.

विचारायचं असं की, विल्सनचा फोन आला होता. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मी घरात पाऊल टाकतोय तोच घंटी वाजली. आपला पोरगा अजून त्याच सहलीच्या बोटीवर आहे. तिथल्या भटारखान्यात पाव भाजतो. बोट पुढच्या महिन्यात मुंबईला येते आहे. म्हणाला, "पप्पा, गेल्या वर्षीची तुमची जागा मी या फेरीवर घेतलीय. एकाची."

एकाची म्हणताना त्याचा आवाज बसला. मी म्हटलं, लाईन खराब आहे.

आग्नेस, जाऊ का मी?

तुला आठवतं, गेल्या वर्षी पहिल्यांदा त्याने आपल्या दोघांना बोटीवर बोलावलं तेव्हा घरात किती वाद झाला! तो सांगत होता, "आदल्या दिवशी येऊन बंदराजवळ राहा. बोट कुणासाठी थांबत नाही. बोटीने फिरायला जाणारे सगळे असंच करतात." मी म्हटलं, वसईच्या माणसाने मुंबईत खोली घेऊन झोपायचं? लोक हसतील! पहाटे उठून जाऊ. आणि राहायचंच असेल तर बोटीवरून उतरल्यावर राहू. आधी राहिलो तर मला झोप लागायची नाही. घर बंद केलं का, केळींना पाणी कोण देणार, विहिरीचं पाणी उपसायला टँकरवाले तर आले नसतील, हेच डोक्यात राहील.

तू वांगी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "विल्सनचे पप्पा, नंतरचं कोणी बघितलंय? मला आधीच राहायचंय."

मग तू जे बोललीस ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. डोक्यावर चुंबळ आणि टोपली घेऊन तू आयुष्यभर मुंबईला घरोघरी भाजी विकलीस. पहाटे निघायचीस, दुपारी जेवायला घरी. "मुंबईत दिवे लागलेले मी एकदाही बघितले नाहीत," तू म्हणालीस. "आणि घरं बघितली ती नुसती स्वयंपाकघरं. पुढची खोली कशी असते ते ठाऊक नाही. एक रात्र मला खिडकीत बसून बघू द्या की!"

मी कबूल झालो. विल्सनने बंदराजवळच्या एका लॉजचं नाव सांगितलं. फोनवर खोली द्यायला ते तयार नव्हते, समोर येऊन सांगा म्हणाले. म्हणून आपण दोघं गेलो.

तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. तुझं लाल लुगडं, कानात फुलं. मॅनेजर खोली चांगली देईल म्हणून भेट द्यायला तू घरची सुकेळी घेतलीस, केळी सुकवून वाळक्या पानात बांधलेल्या जुड्या. मी म्हटलं, पिशवीत घे. तू म्हणालीस, पिशवीत चेंबतात. आणि घेतलीस टोपली!

इमारत सापडली. मी पाटी वाचत उभा राहिलो तोवर तू गल्लीत शिरलीससुद्धा. मागे वळून म्हणालीस, "या की, थांबलात कशाला?" मागच्या बाजूला लोखंडी गोल जिना होता. तू टोपली डोक्यावर घेऊन सरसर वर गेलीस. मी कठडा धरून तुझ्यामागे. मला वाटलं, मुंबईचं तुला कळतं, तू नेतेस तोच रस्ता.

वर दार उघडं होतं आणि आत स्वयंपाकघर. आचारी हात पुसत आला. "काय आणलंस, मावशी?"

तू टोपली उतरवलीस. "सुकेळी. आमच्या वाडीतली."

"कशी दिली जुडी?"

आणि तू भाव सांगितलास! मी तुझ्या पदराला हात लावला, तू झटकलास. तो म्हणाला, "फार सांगतेस." तू म्हणालीस, "घ्यायची तर घे बाबा. उन्हात वाळवलीत, भट्टीत नाही. वास घेऊन बघ." त्याने वास घेतला आणि सगळी टोपली घेतली. वर म्हणाला, "दर शनिवारी आणशील?" तू म्हणालीस, "बघते."

खाली गल्लीत येऊन पैसे कनवटीला लावलेस, रिकामी टोपली काखेत घेतलीस आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागलीस. चार पावलं गेलीस आणि थांबलीस.

"अवो, आपण कशाला आलो होतो?"

मग तू हसायला लागलीस ते जिन्याच्या पायरीवर बसेपर्यंत. मीही हसलो. रस्त्यावरचे लोक बघत होते, हे म्हातारा-म्हातारी काय पिऊन आलेत म्हणून. मग हसू ओसरलं. तोंडाला पदर लावून म्हणालीस, "मला पुढच्या दाराने जाताच आलं नाही हो. पाय आपोआप मागे वळले."

मी म्हटलं, चल, आता पुढून जाऊ. तू म्हणालीस, "आज नको. आता तो आचारी ओळखेल. परत येऊ तेव्हा पुढून जाऊ, आणि टोपली आणायची नाही."

त्या पायरीवर बसलीस तेव्हाच तुझ्या पोटात दुखत होतं का गं? हात पोटावर होता. मला वाटलं, हसून दुखतंय. मला का सांगितलं नाहीस? बाजारात कुजकं वांगं हाताला लागलं तर अख्ख्या गावाला ऐकवायचीस! आणि हे एवढं मोठं दुखणं पोटात ठेवून पिशवी भरत बसलीस.

पिशवी तू केवढी आधी भरलीस! बोटीला अजून अवकाश होता, ईस्टर होऊन जायचं होतं, आणि तुझी पिशवी तयार. माझा पांढरा सदरा, तुझी रोझरी, विल्सनसाठी मिरचीचं लोणचं, आणि सगळ्यात वर नवं लुगडं. मी चिडवायचो, बोट काय अंगणात येणार आहे?

इस्पितळात शेवटी शेवटी तू दोनच गोष्टी विचारायचीस. केळींना पाणी दिलं का, आणि खोली सांगितली का. मी दोन्हींना हो म्हणायचो. केळींचं खरं होतं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात तू गेलीस. विल्सन भर समुद्रात होता. गावात मैताला किती थांबवणार? त्याच्याशी बोलणं झालं तेव्हा तुला माती देऊन झाली होती. तो रडला नाही. एवढंच विचारलं, "मम्मीला कोणतं लुगडं नेसवलं?" मी सांगितलं, नवं. बायकांनी पिशवी उघडली, हाताला पहिलं तेच लागलं. ते लुगडं त्यानेच पाठवलेल्या पैशांतून घेतलं होतं, बोटीवर नेसायला.

तेव्हापासून तो घरी आलेला नाही, आग्नेस. करार संपला तेव्हा कुठल्याशा परदेशी बंदरात त्याने लगेच दुसरा घेतला. नाताळला आला नाही. मी एकदा रागावलो फोनवर. म्हटलं, आईच्या थडग्यावर मूठभर फुलं टाकायला तुला सवड नाही? तर म्हणाला, "पप्पा, मी बोटीवर असलो की ती घरीच असते."

मला कुठली बोट आहे? मी तर रोज याच घरात उठतो. चुलीपुढे तुझा पाट तसाच आहे. चहा दोन कप होतो, एक ओततो. पण पोरगं असंच बंदरामागून बंदर करत राहिलं तर? मी आज आहे, उद्या नाही. मग या घराचं दार उघडणार कोण?

आता रविवारी त्याने जे सांगितलं ते नीट ऐक. बोट मुंबईहून निघून काही दिवसांनी फिरून मुंबईलाच येते. तिथे त्याचा आताचा करार संपतो. "मग बघू," म्हणाला. मी विचारलं, "काय बघू?" तर म्हणतो, "उतरायचं की पुढचा करार घ्यायचा." आणि मग हळूच, "तुम्ही बोटीवर असलात तर तुमच्याबरोबर उतरीन, पप्पा. एकट्याने त्या रस्त्याने घरी यायला मला जमणार नाही."

बोट परत येते त्याच आठवड्यात तुझी वर्षाची मिस्सा आहे.

म्हणजे मी गेलो तर पोरगा घरी येईल. नाही गेलो तर तो उतरणार नाही. साधी गोष्ट आहे ना? पण साधी नाही. तुझा दुखवटा संपलेला नाही. माझ्या सदऱ्याला अजून काळी फीत आहे. त्यात उपवासकाळ. आपल्याकडे या दिवसांत लग्न नाही, बँड नाही, आणि मी कुठे जाणार, तर जिथे रोज गाणी आणि नाच, तिथे!

रेजीनबायला सांगितलं तर तिने हातातला विळा खाली ठेवला. "बायकोची वर्साची मिस्सा नाय झाली, आनि नवरा चालला नाच बघाया! पास्कू, लोक तोंडात शेन घालतील."

मी म्हटलं, "नाच बघायला नाही, पोराला आणायला चाललोय."

"पोराला आनायला बोट लागते? कान धरून फोनवर सांग."

"फोनवर कान कसा धरू, बाय?"

तिने विळा परत उचलला. म्हणाली, "आनि आदल्या दिवशी तिकडे झोपनार कुठे? तुला एकट्याला कोन खोली देनार? तोंड बघितलंस का आरशात? म्हातारा एकटा आला, मेला-बिला तर, म्हनून दारातूनच घालवतील."

तेव्हापासून मला तेच वाटतं. खरंच दिली नाही खोली तर? पहाटे उठून गेलो आणि बोट चुकली तर? खोली मिळाली, पण झोपलो तो उठलोच नाही तर? विल्सन कठड्याला उभा राहून वाट बघेल आणि बोट सुटेल. मग तो कधीच उतरणार नाही. असलं डोक्यात आलं की मी उठून विहिरीवर जातो आणि उगाच पंप बघून येतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पंप पळून जातो का?"

फादरना विचारावं म्हटलं तर दारापर्यंत जाऊन परत आलो. ते म्हणतील, मनाला विचार. माझं मन कधी एका जागी होतं? आपल्या घरातलं सगळं तुझ्या मनाने चाललं. आता हे एवढंच मला एकट्याला ठरवायला ठेवून गेलीस. हे बरं नाही केलंस.

काल पलंगाखालून पिशवी ओढली. तुझ्या हातची गाठ अजून तशीच आहे. त्या दिवशी बायकांनी लुगडं काढून घेतलं आणि चेन लावून ठेवली, पण बंदाची गाठ मी स्वतः जशी होती तशी बांधायला गेलो होतो, ते जमलं नाही. म्हणजे ती तुझी गाठ नाही, माझी आहे. बघ, मी किती वेळा स्वतःला ती तुझी म्हणून सांगितलं असेल! पण आतला सदरा तू घडी केलेला आहे. तो मी इथे उघडणार नाही.

मी तुला वचन देतो. गेलो तर पुढच्या दाराने जाईन. टोपली नेणार नाही, सुकेळी नेणार नाही, हात रिकामे ठेवीन. मॅनेजरच्या समोर उभा राहून म्हणेन, रस्त्याकडच्या खिडकीची खोली पाहिजे. नाही म्हणाला तर तिथेच बाकावर बसून राहीन, पण मागच्या जिन्याने जाणार नाही. संध्याकाळी खिडकीत बसेन आणि सगळे दिवे लागेपर्यंत उठणार नाही. तेव्हा पिशवी उघडीन. आणि बोट परत आली की विल्सनला हाताला धरून उतरवीन. वर्षाच्या मिस्सेला तो पहिल्या बाकावर असेल. लोकांना काय बोलायचं ते बोलू देत.

पण मी घाबरट माणूस आहे, तुला माहीत आहे. वचन दिलं तरी पाय मागे वळतात. तुझे वळले, तर माझे का वळणार नाहीत? म्हणून निघायच्या आधी काहीतरी कळव. स्वप्नात ये, नाहीतर भांडं पाड, नाहीतर रेजीनबायच्या तोंडून एक चांगला शब्द काढ. तेवढ्याने समजेन.

आणि अजून एक. मॅनेजर पहिलं हेच विचारेल, म्हणून आधीच विचारून ठेवतो. खोली एकाची सांगू की दोघांची? लवकर कळव.

तुझा,
पास्कू