चाटून दाखवलेली भुकटी

महागाव,
१४ सप्टेंबर १९६२

प्रिय घनश्याम,

वाहिदचा सलाम. तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी पाकीट उलटून बघितलं असशील. इकडे सगळं ठीक. मी अजून हिवताप खात्यातच आहे, आता मुकादम. माझी बायको जोहराबी विचारते, राजूरच्या खाणीवर तुला जेवण वेळेवर मिळतं का.

एक बातमी. विषारी औषधं कशी हाताळायची, हे शिकायला तालुक्यातून एक माणूस नागपूरला पाठवायचाय. साहेबांनी माझं नाव दिलं. म्हणाले, वाहिदवर लोकांचा विश्वास आहे. अभिनंदन एवढ्यात करू नकोस.

आपले डीडीटी फवारण्याचे दिवस आठवतात? तांड्यावर कोणी घरात शिरू देईना, तेव्हा मी चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवायचो. मग दारं उघडायची. तू चिडायचास, मी तुला भित्रा म्हणायचो. तू नोकरी सोडलीस तेव्हाही हसलोच. पण हिवताप कमी झाला, हे तरी खरं ना? मी धडधाकट आहे, हेही खरं. मग चुकलं कुठे, ते मला नीट सांगता येत नाही.

यंदा कपाशीवर मारायला नवं औषध आलं. तशीच पांढरी भुकटी. त्याच तांड्यावरच्या हिरासिंगची बायको मानीबाई, तिने उवांसाठी ती केसांत चोळली. नऊ दिवस यवतमाळला दवाखान्यात होती. जगली, पण हात थरथरतात. भाकर थापता येत नाही.

मी भेटायला गेलो, तर हिरासिंगने खाट टाकली, चहा दिला. म्हणाला, "सायब, मीच तिले आणून देल्ली. तुमी चाटून दाखवलं होतं ना, म्हणून डरलो नाही."

रागावला असता तर बरं झालं असतं. चहा मी प्यालो. का प्यालो, तेही कळत नाही.

आता शिकून येऊन त्याच तांड्यावर उभं राहावं, की तोंडच दाखवू नये? वाटतं, शिकलो तर पुढचं कोणी वाचेल. लगेच वाटतं, माझं ऐकलं म्हणूनच तर हे झालं. लाज वाटते, घनश्याम, आणि जायचंही आहे.

सोबत सही केलेले दोन अर्ज आहेत. एकात होकार, एकात नकार. होकाराच्या अर्जात मानीबाईचं सगळं लिहिलंय, चाटण्यासकट. एक फाड आणि दुसरा साहेबांच्या नावे टाक. पंचवीस तारखेच्या आत.

तू "चाटू नको" म्हणाला होतास, ते न ऐकलेला,
वाहिद