ढवळ्याची घंटी

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

आणली बाई घंटी! वहिनीने तोंड वाकडं केलं — "बैल इकून दहा वर्सं झाली, आता तुमाले हापिसात घंटी कायले पाह्यजे?" म्हटलं, आमच्याकडे दोन पायांचे आहेत, त्यांच्यासाठी. आई इतकी हसली की तिला धाप लागली.

काल पोळ्याला भावाने ट्रॅक्टरलाच हार घातला. ढवळ्याची ही पितळी घंटी माळ्यावर काळी पडली होती. चिंचेने घासली, लखलखीत झाली.

गावाहून निघताना चांदूर बाजारच्या आमच्याच लॅबच्या सेंटरवर आईचं रक्त तपासायला दिलं. हृदयाची झडप बदलल्यापासून तिला रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. दर महिन्याला तपासायचं, रिपोर्ट पाहून डॉक्टर गोळी कमी-जास्त करतात. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मला धाकधूक असते. आई निवांत! "तुह्या लॅबचा रिपोर्ट, मंग भेव कायचं?"

५ सप्टेंबर

घंटी लागली. काउंटरच्या मागे, सगळ्यांचा हात पुरेल अशी.

तीन वर्षं या लॅबचे कॉम्प्युटर सांभाळते आहे — अमरावतीची मुख्य लॅब, अकोल्याची शाखा, तालुक्यांतली सेंटरं. एवढ्या काळात एकच वाक्य ऐकलं — "चालून राह्यलं नं? चालू द्या." सर्व्हर कण्हतो, प्रिंटर रडतो, आणि आमचे लोक जुगाड करून गप्प. किती दिवस असं रेटायचं?

आता नियम असा. कुठेही गडबड दिसली, स्वतःच्या हातून झाली असली तरी, घंटी वाजवायची. सगळे दोन मिनिटं थांबणार, टाळ्या वाजवणार, आणि आठवड्यात ती गोष्ट दुरुस्त होणार. वाजवणाऱ्याला कोणी काही बोलणार नाही. हा शब्द मी दिला, सगळ्यांसमोर. लॅबचे मालक डॉक्टर साहेबही म्हणाले, "वा माधवी, अशी रोज थोडी थोडी सुधारणा पाहिजे."

पहिली घंटी दीपमालाची! रिपोर्ट छापते ती. एका रिपोर्टला तेच बटण चारदा दाबावं लागतं, हे दोन वर्षं मनात दाबून बसली होती पोरगी. टाळ्या पडल्या तर लाजून पदर शोधू लागली — अंगात ड्रेस!

१९ सप्टेंबर

टणटण टणटण दिवसभर. डोकं उठलं, पण काय मजा! दीपमालाचं बटण आता एकदाच. तिवस्याचा प्रिंटर सुधारला. अकोल्याचा सुगत — तिथली मशीनं, कॉम्प्युटर सगळं तोच बघतो — फोन करतो, "ताई, माह्या नावानं वाजवा!" मी वाजवते, तो फोनवर ऐकतो आणि तिकडून स्वतःच टाळ्या वाजवतो. येडा आहे.

४ ऑक्टोबर

डॉक्टर साहेब आज चिडले. "पेशंट बसलेले असतात. देऊळ आहे का हे?" घंटी आतल्या खोलीत नेली. बरोबर आहे म्हणा त्यांचंही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सुगत दसऱ्याला घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आला. आज कामावर आला आणि पहिलाच फोन मला. आवाज नेहमीचा नव्हता. "ताई, वाजवा. मोठी हाय. आन् माह्याच हातून झाली."

सेंटरवर नेट गेलं की टॅबलेट सॅम्पलला आपल्या मनाने नंबर देतो. नेट आलं की तोच नंबर दुसऱ्या सेंटरच्या सॅम्पललाही मिळतो. दोन माणसं, एक नंबर! एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर. सुगतच्या हातून असे दोन गेले. त्याने स्वतःच पकडले, दोघांच्या घरी जाऊन कागद बदलून दिले.

मी वाजवली. जोरात. टाळ्या झाल्या, पण सगळे साहेबांच्या केबिनच्या दाराकडे बघत होते.

१६ ऑक्टोबर

सुगतला काढलं.

१७ ऑक्टोबर

काल पुढे लिहवलंच नाही. साहेब म्हणाले, "चुकीचे रिपोर्ट वाटले हे तो स्वतः बोंबलून सांगतो! पुढच्या महिन्यात लॅबच्या तपासणीला लोक येणार आहेत." मी म्हटलं, सर, आपण शब्द दिला होता. "तू दिला होता."

मग म्हणाले, नंबरांचं प्रकरण आत्ता लेखी कुठे नको, सॉफ्टवेअरवाल्यांनाही मेल नको, तपासणी झाली की बघू. मी हो म्हटलं. भांडायला हवं होतं. घरात केवढी भांडते मी, भाजीवाल्याशी भांडते! केबिनमध्ये मात्र मान डोलावली.

सुगतला फोन केला. "जाऊ द्या ताई, तुमी काय करान." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ ऑक्टोबर

या आठवड्यात एक घंटी. पंखा कुरकुरतो म्हणून!

८ नोव्हेंबर

दिवाळी संपली. आज एकही नाही. दीपमालाला विचारलं, काय गं, सगळं ठीक? "एकदम फस्क्लास, मॅडम." माझ्याकडे न बघता म्हणाली.

२३ नोव्हेंबर

तपासणी पार पडली, शेरा उत्तम! साहेबांनी पेढे वाटले. मी नंबरांचं काढलं तर म्हणाले, "अगं, परत झालं का? नाही नं?" खरंच नाही झालं. झालं असतं तर वाजलीच असती की कोणाची तरी. महिनाभर घंटी नाही म्हणजे गडबडच नाही. घंट्यांचा आलेख काढला — रेघ वरून खाली खाली येत पार शून्यावर. बघून बरं वाटलं.

मग आत गेले. लोक कामात, मान खाली. एवढी शांतता पूर्वी नव्हती इथे.

३ डिसेंबर

आईचा रिपोर्ट आला. रक्त जरासुद्धा पातळ नाही! गोळी घेतच नसल्यासारखं. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी गोळी वाढवली. मीच फोन करून सांगितलं, आजपासून दोन घे. "अवो, एकही चुकवली नाई मी," आई म्हणाली. तिला रागावले. लपवतेस म्हटलं.

८ डिसेंबर

वहिनी सांगते, आईच्या मांडीवर निळा डाग आहे. आपटली असेल कुठे तरी.

११ डिसेंबर

दात घासताना आईला रक्त येतंय. डाग आता दोन्ही दंडांवर. वहिनी घाबरली होती — "गोळी जास्त तं नसन होऊन राह्यली?" तिला समजावलं, अगं आठवड्यापूर्वीचा रिपोर्ट आहे, रक्त उलट घट्ट आहे तिचं. आमच्या लॅबचा रिपोर्ट आहे! शनिवारी अकोल्याला माझं भाषण आहे, तेवढं झालं की रविवारी घेऊन येते तिला.

१४ डिसेंबर, शनिवार

अकोला. व्यापाऱ्यांचा मेळावा. विषय — "धंद्यातलं कॉम्प्युटरचं काम रोज सुधारायचं कसं". मी तो आलेख दाखवला, घंटीची गोष्ट सांगितली. सुगतचं नाव सोडून सगळं सांगितलं. टाळ्या! शाल-श्रीफळ. साहेब पहिल्या रांगेत फुलून बसले होते.

बाहेर पडले तर फाटकाशी सुगत. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो आता. मला वाटलं, तोंड फिरवेल. पण चहा पाजला त्याने. मग विचारलं, "ताई, ते दोन नंबराचं झालं का दुरुस्त?"

म्हटलं, परत झालंच नाही रे.

"झालं नाई का वाजली नाई?"

चहा तसाच ठेवून उठले. बसमध्ये सगळा रस्ता तेच वाक्य. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मांडीवरची शाल टोचत होती.

१५ डिसेंबर

पहाटे आईला रक्ताची उलटी. भाऊ गाडीत टाकून अमरावतीला घेऊन आला. तिच्या त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले — "एवढं पातळ? कोणत्या गाढवाने गोळी वाढवली?" त्यांनी स्वतःच वाढवली होती. मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आईकडे.

आई अतिदक्षता विभागात आहे. मला बघून म्हणाली, "गोळी बरोबर घेतली वो माय मी. खोटं नाई बोलली." माझे आई, मी तुला रागावले!

तिथूनच लॅबमध्ये गेले. आईचा नंबर टाकला. नावं दोन आली. एक आईचं. दुसरं धारणीच्या जाईबाईंचं, ऑपरेशनआधीची तपासणी. त्यांना रक्त पातळ करायची गोळी कधी नव्हतीच. त्यांचा रिपोर्ट आईच्या नावावर गेला होता.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी सगळे आल्यावर आतल्या खोलीत जाऊन घंटी वाजवली. हात दुखेपर्यंत. एकही उठला नाही. साहेबांच्या केबिनचं दार उघडलं. मी ओरडून सांगितलं, दोन माणसं, एक नंबर, माझी आई मरायला टेकली आहे!

दीपमाला तेवढी जवळ आली. माझा हात घंटीवरून काढला. हळू आवाजात म्हणाली, "बसा नं मॅडम खाली. हे तं दिवाईपासून होऊन राह्यलं. जे दिसते ते आमी गुपचूप बदलून देतो. आमाले वाटलं, तुमाले माहीत असन."