सासूबाईंना खुनी सापडता कामा नये

३ जून
आजपासून रोजनिशी. मोठे लेखक ठेवतात. चॅनेलने एका जुन्या डिटेक्टिव्ह कथेची मालिका लिहायला दिली आहे. सहा भाग. लाकडाचा बडा व्यापारी बंद अभ्यासिकेत मरून पडतो, बंगला पाहुण्यांनी भरलेला, आणि खुनी निघतो फॅमिली डॉक्टर. क्लासिक! संकल्प: मूळ कथेतला स्वल्पविरामसुद्धा हलवणार नाही. क्लासिकला हात लावणारे लोक करंटे असतात.

३ जून, संध्याकाळ
घरी बातमी दिली. सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ती होय? त्यात डॉक्टर असतो. लग्नाआधी वाचलेली.
मागच्या मालिकेतही त्यांनी पहिल्याच भागात, सगळ्या गोतावळ्यासमोर खुनी सांगून टाकला होता. तेव्हापासून मेहुणा मला रहस्यसम्राट म्हणतो. यंदा हे चालणार नाही. शेवटच्या भागाआधी सासूबाईंनी खुनी ओळखला, तर लिहिणं सोडीन. हिच्याशी तशी पैजच लावली. ही म्हणाली, मग नोकरीचं आतापासूनच बघायचं का?

५ जून
खुनी बदलला. क्लासिकवर ज्याचं खरं प्रेम असतं, त्यालाच बदल करायचा अधिकार असतो. आता डॉक्टर निर्दोष. खून पुतण्या करतो. गोड मुलगा, म्हाताऱ्यांना हात धरून जिना उतरवणारा.

९ जून
जेवताना हिने विचारलं, पुतण्याचं काम कोण करतंय. मी बेसावधपणे नट सांगितला. सासूबाई म्हणाल्या, एवढा महागडा नट नुसता जिने उतरवायला घेतलाय? मग खुनी तोच.
पुतण्या निर्दोष.

१४ जून
खुनी: सेक्रेटरी. स्वस्तातला नट घ्यायला लावला. घरी सगळ्या पात्रांबद्दल भरभरून बोललो, सेक्रेटरीचा विषयच काढला नाही. सासूबाईंनी विचारलं, एवढा मोठा व्यापारी, त्याची पत्रं कोण लिहितं? मी म्हणालो, कोणी नाही. त्या हसल्या. बास, नुसत्या हसल्या.
सेक्रेटरीही निर्दोष.
दिग्दर्शक म्हणतो, शूटिंग तोंडावर आलंय, आता तरी ठरवा, खून केल्यासारखं नक्की कोणी बघायचं तेच नटांना कळत नाहीये. अशा माणसांबरोबर काम करावं लागतं.

२० जून
झकास युक्ती सुचली. लोकांचं लक्षच दुसरीकडे न्यायचं. मूळ कथेत स्वयंपाकीणबाई ट्रे ठेवून जाते, एवढंच. आता तिचं आणि इन्स्पेक्टरचं वीस वर्षांपूर्वी लग्न ठरून मोडलेलं आहे. तो चौकशीला येतो, ती राग म्हणून बिनसाखरेचा चहा देते, तो मुकाट पितो. निव्वळ धूळफेक. शिवाय डिटेक्टिव्हला थोरली बहीण दिली. तो तर्क मांडायला लागला, की ती त्याच्या गळ्यात मफलर गुंडाळते. मूळ लेखक हयात असता तर माझे पाय धरले असते.
आणि खरा खुनी? घड्याळं दुरुस्त करणारा. तिसऱ्या भागात येतो, घड्याळाला चावी देतो, जातो. हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

४ ऑगस्ट
पहिला भाग. सगळा गोतावळा हजर. सासूबाई अर्धा तास गप्प! मी चेहऱ्यावर काहीही दिसू दिलं नाही. ही म्हणाली, घाम पूस.

१८ ऑगस्ट
घड्याळवाला आला. मी सासूबाईंकडे बघत होतो. त्या नेमक्या हिच्याकडे वळून म्हणाल्या, त्या इन्स्पेक्टरला डायबिटीस असणार गं. म्हणून ती साखर घालत नाही. वीस वर्षं झाली तरी लक्षात ठेवलंय हो तिने!
असं मी कुठेही लिहिलेलं नाही. दुर्लक्ष केलं.

१ सप्टेंबर
पाचवा भाग. इन्स्पेक्टरने दुसरा कप मागितला आणि सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मेहुणाही हल्ली मला त्या दोघांबद्दलच विचारतो. धूळफेक अपेक्षेपेक्षा यशस्वी. पुढच्या भागात डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करतो. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम लेखन. दिग्दर्शक कात्री लावणार होता. अडून बसलो.

८ सप्टेंबर
जिंकलो. सासूबाईंना शेवटपर्यंत खुनी ओळखता आला नाही.
सविस्तर. उलगड्याचं भाषण सुरू झालं तसा मेहुणा फोनवर बोलायला गॅलरीत गेला. ही चहा टाकायला उठली. सासूबाई जागेवर होत्या, पण चष्मा पुसत. घड्याळवाल्याला बेड्या पडल्या तेव्हा त्या चष्मा उजेडात धरून बघत होत्या. शेवटी इन्स्पेक्टर आणि स्वयंपाकीण फाटकापाशी उभे राहिले, तेव्हा सगळे धावत आले.
संपल्यावर मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, मग, तुम्हाला खुनी कोण वाटला होता?
सासूबाईंनी बराच विचार केला. म्हणाल्या, अगबाई, खून कोणाचा झाला होता?
मी व्यापाऱ्याची आठवण करून दिली. अभ्यासिकेची. सहाही भागांची. त्या म्हणाल्या, हो हो, ते मधेमधे यायचं खरं. पण फार सुंदर लिहिलंत हो जावईबापू. एवढं चांगलं तुम्ही कधीच लिहिलं नव्हतंत. फक्त ते खुनाचं तेवढं काढता आलं नसतं का?
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण पैज ती पैज.
आताच दिग्दर्शकाचा फोन येऊन गेला. चॅनेलला पुढची मालिका त्या दोघांचीच हवी आहे, बिनखुनाची. माझ्यासारख्या रहस्यलेखकाला हे विचारायची हिंमत होते कशी? ठाम नकार दिला. लग्न कितव्या भागात ठेवायचं, एवढंच उद्या भेटून ठरवणार आहोत.